निव्वळ वजन

मुस्तकीमनं पेचकस घेतला
आणि ड्रायव्हरच्या सीटमागची मॅट उचलून
नुसता टेकवला.
पेचकस थेट खाली गेला.
त्याच्या गॅरेजची जमीन दिसली मला
माझ्या गाडीतून.

"पुट्टी मारली तर सहा महिने.
कापून पत्रा लावला तर अठरा हजार.
पन भाऊ, खरं सांगू का,"
आणि सांगितलं नाही.
चहा मागवला.

मी काट्यावर कारकून आहे,
जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत,
सळईच्या कारखान्याच्या दारात.
एकवीस वर्षं भंगार मोजतोय:
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, निव्वळ.
चेपलेल्या गाड्या येतात, एकीवर एक.
एकीत लहान मुलाचा मोजा असतो, एकच.
मी नंबर लिहितो.
मागं भट्टी गुरगुरत असते.

म्हणजे भाव मला तोंडपाठ.
बत्तीस रुपये किलो, काल तेहतीस होता.
साडेसहाशे किलोची मारुती.
गुणाकार चहा संपायच्या आत झाला
आणि माझी मलाच लाज वाटली,
सोयरिकीला गेलेल्या घरी बसून
भांड्यांची किंमत करावी तशी.

शालन मेथी निवडत होती.
"गंज लागायला आपण काय कोकणात राहतो?"
बरोबर होतं.
इथं ओठ फुटतात, पत्रा नाही.

मग दोघांना एकदमच आठवलं.
घाणेवाडी आटला ते साल.
चार महिने, दिवसाआड,
बदनापूरला साडूच्या विहिरीवर.
मागचं सीट काढून वीस लिटरचे बारा कॅन,
दोघांची झाकणं हरवलेली,
तोंडाला बांधलेल्या दुधाच्या पिशव्या,
आणि प्रत्येक गतिरोधकावर
मागून आवाज, डुबुक.
"हळू," शालन म्हणायची, "तांब्याभर गेलं."
गेलं नव्हतं.
मॅटखाली मुरलं होतं.
अख्ख्या गावात थेंब नव्हता तेव्हा
आमची गाडी ओली होती.

रात्रपाळीला गाडी घेऊनच गेलो.
भिकन म्हणाला, "साहेब, तुमची पण?"
"नुसतं बघायचंय."
पुस्तकात साडेसहाशे.
काट्यावर सहाशे चाळीस.
काटा दहाच्या पटीतच बोलतो,
दहाच्या आत जे झिजतं
ते त्याच्या लेखी झिजलेलंच नसतं.
पावती निघाली.
भरलेलं: ६४०.
रिकामं:
इथं काय लिहू?
हिच्यातून काय उतरवलं म्हणजे
ही रिकामी झाली म्हणायची?
मागं ट्रकनं हॉर्न दिला.
"साहेब, लाईन लागली," भिकन म्हणाला.

सकाळी मुस्तकीमला म्हटलं, काप.
शालनच्या भावानं कागदावर मांडून दाखवलं
की मी मूर्ख आहे.
आकडेमोड बरोबर होती.
कागद घडी करून खिशात ठेवला,
पावतीच्या शेजारी.

नवा पत्रा नवा नव्हताच.
कुठल्याशा पांढऱ्या गाडीचं बॉनेट
कापून, ठोकून, वाकवून
माझ्या निळ्या गाडीच्या पोटात.
"कुणाची होती?"
"भोकरदनकडची. पलटी झालेली."
पुढचं मी विचारलं नाही,
त्यानं चष्मा खाली ओढला, ठिणग्या उडाल्या.
खालून काळा रंग, वरून मॅट.
आता कळतसुद्धा नाही,
फक्त तिथं पाय ठेवला की
आवाज जरा वेगळा येतो,
पाहुण्यानं आपल्या घरात खोकावं तसा.

पंधरा दिवस झाले असतील.
नळ यायच्या दिवशी नळ आला नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
शालन काही बोलली नाही.
मागचं सीट तिनंच काढलं,
कॅन आणून ओळीनं दारात मांडले,
सगळ्यांची झाकणं तपासली,
आणि कॅन ठेवायच्या आधी
त्या पत्र्यावर मेणकापड अंथरलं,
चारी कोपरे दाबून,
तान्ह्या लेकराखाली घालतात तसं.